स्वमग्न लेकरू : आधी शिकायचं ते आपण



या वार्तापत्रात आपण नेहमी लागणीच्या तारखा, बेणे, ठिबक, खोडव्याची निगा आणि ऊसबिलाविषयी लिहितो. या अंकात मात्र एका वेगळ्या विषयासाठी जागा घेतली आहे. विषय आपल्याच घरांतला आहे. पण चावडीवर तो कोणी काढत नाही आणि पाहुण्यांसमोर तर नाहीच नाही.

एखाद्या घरात तीन वर्षांचे लेकरू हाकेला ओ देत नाही. कान शाबूत आहेत, कारण लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला तरी ते दोन्ही हातांनी कान झाकते. हवी ती वस्तू बोट दाखवून मागत नाही; आईचा हात धरून फळीपाशी ओढत नेते. तासन्‌तास सायकलचे चाक फिरवत बसते. आपण विचारलेला प्रश्नच आपल्याला परत म्हणून दाखवते. रोजची वाटी बदलली तरी आकांत मांडते. मग घरची थोरली माणसे म्हणतात, "याचा बापबी उशिराच बोलला हुता, येईल की." कोणी बाहेरचं काही आहे म्हणून देवऋष्याकडे नेते. कोणी आईलाच बोल लावते की, हिनंच लाडावून ठेवलंय. अशी दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि नेमकी हीच वर्षे शिकण्याच्या दृष्टीने मोलाची असतात. वाफसा गेल्यावर पेरणी करायची, तसा हा प्रकार होतो.

या अवस्थेला ऑटिझम म्हणतात. मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द आता रूढ झाला आहे. अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध करून तिचे पहिले नीट वर्णन केले. हा रोग नव्हे आणि बाधा तर मुळीच नव्हे. मेंदूची घडणच थोडी वेगळी होते आणि ती जन्मापासूनची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार जगात दर १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न आहे. म्हणजे चार-पाच हजार वस्तीच्या गावात अशी तीस-चाळीस माणसे असू शकतात. ती दिसत नाहीत, कारण कोणाला वेडसर म्हटले जाते, कोणाला मुका, कोणाला नुसता हट्टी. काही जन्मभर बोलत नाहीत, तर काही उत्तम शिकून नोकरी करतात. एकासारखे दुसरे नसते.

आईला बोल लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हा दोष एके काळी पाश्चात्त्य डॉक्टरांनीही केला. आई मायेने वागत नाही म्हणून मूल असे होते, असे ते वर्षानुवर्षे सांगत. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ साली पुस्तक लिहून हे मत खोडून काढले. लसीमुळे स्वमग्नता येते ही आवई १९९८ सालच्या एका लेखातून उठली. तो लेख ज्या नियतकालिकाने छापला, त्यानेच २०१० साली तो मागे घेतला. तेव्हा लस टाळू नका आणि सुनेला दोष देऊ नका.

शिकवायचे कोणी?

स्वमग्नता घालवणारे औषध नाही. मूळपेशींची इंजेक्शने देऊन मूल बरे करतो म्हणून लाखो रुपये मागणारे आहेत. त्यांच्या नादी लागून जमीन गहाण टाकू नये. उपयोग होतो तो शिकवण्याचा. मुलाला बोलणे, खेळणे, जेवणे, कपडे घालणे लहान लहान पायऱ्यांनी शिकवावे लागते, आणि ते रोज शिकवावे लागते.

इथेच आपल्या भागाची अडचण सुरू होते. असे शिकवणारे तज्ज्ञ बहुतेक पुण्या-मुंबईला. आठवड्यातून एक तास त्यांच्याकडे न्यायचे तर दहिवडी, म्हसवड किंवा आटपाडीहून जाण्या-येण्यात दिवस मोडतो, रोजगार बुडतो. चार खेपा होतात आणि पाचवी राहते. शिवाय आठवड्यातला तो एक तास सोडला, तर उरलेला सगळा वेळ मूल कोणाजवळ असते? आईजवळ, आजीजवळ, अंगणवाडीच्या ताईंजवळ, शाळेतल्या गुरुजींजवळ. म्हणून आमचे म्हणणे असे की, आधी या माणसांना शिकवले पाहिजे. माती परीक्षणाचा कागद प्रयोगशाळा देते, शेतकी अधिकारी खताचा डोस सांगतो, पण पाण्याची पाळी शेतकऱ्यालाच द्यावी लागते. पाळी कशी द्यायची हे त्याला कळले नाही, तर कागद घडी घालून खिशातच राहतो.

साध्या माणसाला हे जमेल का, अशी शंका कोणी काढील. त्याचे उत्तर गोव्यातून मिळाले आहे. गोव्यातील 'संगत' ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे मिळून एक चाचणी झाली. दोन ते नऊ वयाची ६५ स्वमग्न मुले तीत होती. ज्यांच्या घरी शिकवायला कार्यकर्ते गेले ते डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते होते. बारा बैठका ठरल्या. आई आणि मूल खेळत असताना कार्यकर्ता त्यांचे चित्रण करी आणि मग आईबरोबर बसून तेच पाही. इथे बाळाने तुमच्याकडे पाहिले, इथे तुम्ही थांबलात म्हणून तो पुढे झाला, असे दाखवी. आईची चूक काढायची नाही, तिला जमले ते पुढे न्यायचे, अशी पद्धत. या चाचणीचा निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात आला. आई-वडील मुलाच्या कलाने घेऊ लागले, आणि मुले आपण होऊन बोलण्या-सांगण्याचा प्रयत्न अधिक करू लागली. सगळी मापे सुधारली असे नाही, आणि जादू तर झालीच नाही. पण शिकवलेला साधा माणूस हे काम करू शकतो, एवढे सिद्ध झाले.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ साली पालकांसाठी असा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्यात नऊ गटबैठका आणि तीन गृहभेटी आहेत. खेळातून आणि घरच्या रोजच्या कामांतून मुलाला कसे शिकवावे, हट्टाच्या वेळी काय करावे, आणि सांभाळणाऱ्या माणसाने स्वतःची प्रकृती कशी जपावी, हेही त्यात येते. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. अशा घरातली आई रात्र रात्र जागी असते आणि सकाळी वैरणीला जाते. तिला आठवड्यातून दोन तास कोणी सुटका दिली, तरी तो उपचारच समजावा.

शिकायचं म्हणजे काय शिकायचं?

पहिली गोष्ट, मुलाच्या उंचीला खाली बसावे. लांबून चार वाक्ये ओरडण्याऐवजी जवळ जाऊन दोन शब्द बोलावे: "पाणी घे." मग थांबावे. आपण मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे, कारण त्याला उमजायला वेळ लागतो. हनुवटी धरून "माझ्याकडं बघ" अशी जबरदस्ती करू नये.

दुसरी, ते जिथे रमले आहे तिथून सुरुवात करावी. चाक फिरवते ना, मग आपणही शेजारी बसून चाक फिरवावे. एकदा त्याने, एकदा आपण. पाळी घेणे तिथेच शिकता येते.

तिसरी, दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवावा. दात घासणे, अंघोळ, भाकरी, शाळा, झोप अशी पाच-सहा चित्रे पुठ्ठ्यावर काढून भिंतीला लावावी. पुढे काय होणार हे कळले की, निम्मा आकांत आपोआप कमी होतो. क्रम बदलणार असेल, तर आदल्या दिवशी चित्र बदलून दाखवावे.

चौथी, मूल बिथरले की त्याला मारू नये. त्याआधी काय घडले हे आठवावे. शाळेची घंटा झाली का, गिरणीचा आवाज होता का, लग्नातली हलगी वाजली का, सदऱ्याची शिवण टोचते का? बोलता येत नसेल, तर रडणे हेच त्याचे बोलणे असते. कारण सापडले की, उपाय बहुतेक वेळा साधाच निघतो.

शाळेत गुरुजींनी अशा मुलाला खिडकी-दारापासून दूर, जवळच्या जागी बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि वर्गातला एखादा समजूतदार मुलगा किंवा मुलगी त्याच्या जोडीला द्यावी. हे एका गुरुजींना सांगून भागत नाही. बदली झाली की सारे मुसळ केरात. म्हणून सगळ्या शिक्षकांचे आणि अंगणवाडीताईंचे प्रशिक्षण व्हावे.

कायदा काय म्हणतो?

१९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. या कायद्यानुसार चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तुमचं पोरगं आमच्या शाळेत नको, असे शाळेला म्हणता येत नाही. शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारीही सरकारवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी अशा मुलांसाठी विशेष शिक्षकांचे प्रमाण सांगितले: प्राथमिकला दहा मुलांमागे एक, वरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक. आपल्या केंद्रातल्या शाळांना असा शिक्षक किती वेळा भेट देतो, हे शाळा व्यवस्थापन समितीने विचारावे.

तपासणीची सोयही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि शंका असेल ती लाजू नका, सांगा. दाखला जिल्हा रुग्णालयातून मिळतो. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्याची सोय १९९९ च्या कायद्यात आहे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. सातबारा आणि शेअर्सची वारसनोंद करताना अशा मुलाचा विचार मागे राहू नये. "आमच्या माघारी ह्याचं कोण?" हा प्रश्न आई-बापांना रात्री झोपू देत नाही, त्याचे उत्तर जिवंतपणीच कागदावर यावे.

आपल्या मातीतली साक्ष

मोठ्या वयात शिकणे माणदेशाला नवे नाही. म्हसवडच्या स्त्रियांनी चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर सहकारी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा अनेकींना लिहिता-वाचता येत नाही म्हणून तो परत आला. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. शेजारच्या फलटणला ज्यांच्या नावाची शाळा आहे, त्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. अपंगाला रोजची कामे स्वतः करता यावीत, यासाठी शिकवणारी माणसे त्यांनी आधी तयार केली. दोन्हीकडे पहिली पायरी माणसे शिकवण्याचीच होती.

आता आपल्या दारातली गोष्ट. उरमोडी आणि टेंभूचे पाणी आल्यापासून माण, खटाव, आटपाडीत ऊस वाढला. ज्या मुलखातून माणसे कोयता घेऊन बाहेर जात, तिथे आता बाहेरच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोपीत स्वमग्न लेकरू असेल, तर त्याचे हाल सर्वांत जास्त. ज्याला वाटी बदललेली चालत नाही, त्याचे गाव, घर आणि अंगणवाडी हंगामापुरते सारेच बदलते. आई पहाटे फडात आणि ते पाचटावर. याची नोंद कोण घेणार? टोळीटोळीत रोज जातो तो आपला चिटबॉय. त्याला एक दिवस लक्षणे समजावून दिली, तर तो मुकादमाला विचारून नाव अंगणवाडीताईपर्यंत पोहोचवू शकेल. ऊस आपला आहे, तर तो तोडणाऱ्याचे लेकरू परके कसे?

आमच्या सूचना अशा. गटसभेत एक तास या विषयाला द्यावा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून काय केले आणि सांभाळणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला काही देता येईल का, हे ग्रामसभेत विचारावे. अंगणवाडीताई, आशाताई आणि शिक्षकांसाठी शिबिर घ्यावे असा ठराव करून तो जिल्हा परिषदेकडे पाठवावा. शिबिराला जागा, जेवण आणि जाण्या-येण्याची सोय कारखान्याने करावी, असा अर्ज गावोगावच्या सभासदांनी संचालक मंडळाकडे द्यावा. शिबिरात आयांबरोबर बाप आणि आज्याही बसाव्यात.

आणि ज्या सभासदाच्या घरी असे लेकरू आहे, त्याने पुढच्या गटसभेला ते बरोबर आणावे. ते ओरडेल, मध्येच उठून पळेल. बाकीच्यांनी सरकून जागा करून द्यावी आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज जरा कमी ठेवावा. शिकायला सुरुवात तिथून करू.