घरच्या कामाला एक प्लग वाढविताना

रमजान लागला की नालासोपारा, संतोषभुवन, वालीव, पापडी या भागांतील शिलाई कारागिरांच्या घरांतले दिवे सहरीपर्यंत विझत नाहीत. ईदचे कपडे वेळेवर द्यावयाचे असतात. दोन मशीनची तीन होतात, इस्त्री तासन्‌तास तापलेली राहते आणि मग घरातलाच कोणी बल्बच्या बोर्डातून दोन तारा ओढतो, टेप गुंडाळतो. झाला प्लग तयार! अशी कितीतरी घरे आम्ही पाहिली आहेत. टेपखालची तार काळी पडलेली असते आणि घरधन्याला पत्ताही नसतो.

हिशेब साधा आहे. 1000 वॅटची इस्त्री 230 व्होल्टवर सुमारे 4.35 अँपियर प्रवाह घेते. दोन लावल्या की 8.7. दिव्यांच्या लाइनवर मात्र बहुधा 6 अँपियरचा एमसीबी आणि 1 किंवा 1.5 चौरस मिलिमीटरची तार असते. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्या जागी 16 चा बसविणारे महाभाग आहेत. जुन्या घरांत फ्यूजला जाड तार गुंडाळणारेही आहेत. एमसीबी तारेचा पहारेकरी आहे. तो बदलला की जळण्याची पाळी तारेवर येते.

इस्त्रीसाठी मुख्य बोर्डापासून वेगळी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, 16 अँपियरचा एमसीबी आणि तेवढ्याच क्षमतेचे सॉकेट हवे. नुसते शिलाई मशीन वा चार्जर लावायचा असेल, तर जवळच्या प्लगवरून तितक्याच जाडीच्या तारा पुढे नेता येतात. मात्र जोड पिळून टेप लावण्याऐवजी स्क्रूच्या टर्मिनलमध्येच घट्ट बसवावा. फेज स्विचमधूनच जावा. न्यूट्रलवर स्विच लावला तर बटण बंद करूनही प्लगमध्ये वीज राहते. हिरवी अर्थिंगची तार काही मिस्त्री सरळ सोडून देतात. लोखंडी इस्त्रीच्या बाबतीत ही बचत जिवावर बेतते. मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी असावा आणि त्यावरचे टेस्टचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

आपल्या भागात पाण्याचाही विचार करावा लागतो. जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, तेव्हा वीजपुरवठाही बंद ठेवावा लागला होता. तळमजल्यावर प्लग जमिनीलगत नको, कमरेच्या वर असावा.

काम करताना मेन स्विच बंद करावा. टेस्टर आधी चालू प्लगवर तपासावा, मग बंद केलेल्या तारेवर, पुन्हा चालू प्लगवर. टेस्टरच बिघडलेला असला तर मेन बंद आहे की चालू, हे कळणार कसे?

आता कायद्याचे. बल्ब, स्विच, फ्यूज बदलणे घरधन्याला मोकळे आहे. पण फिटिंगमध्ये भर घालणे हे परवानाधारक ठेकेदाराचे काम, ही अट 1956 च्या वीज नियमांपासून चालत आली आहे. महावितरणकडील मंजूर भार वाढत असेल तर अर्जही हवा. आणि घरगुती मीटरवर धंदा चालविणाऱ्यांनी एक गोष्ट पाहून ठेवावी. 2020 च्या दरआदेशात, घरातच छोटा व्यवसाय करणाऱ्याला महिना 300 युनिटपर्यंत घरगुती दर दिला होता. त्यापुढे गेल्यास 2003 च्या वीज कायद्याचे कलम 126 लागू शकते आणि आकारणी दुप्पट दराने होते. सध्याचा आदेश काय म्हणतो, ते प्लग बसविण्याआधीच आपल्या उपविभागीय कार्यालयात विचारावे.