ई-इन्व्हॉइसची किल्ली कोणाच्या हाती?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कापड बाजारात आता बिलबुकाची जागा संगणकाने घेतली आहे. २०१७-१८ पासून ज्यांची वार्षिक उलाढाल कोणत्याही वर्षी पाच कोटींच्या वर गेली, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांची नोंद सरकारी पोर्टलवर करावी लागते. पोर्टल ६४ अक्षरांचा आयआरएन आणि क्यूआर कोड देते. पुष्कळ दुकानांत हे काम सॉफ्टवेअर परस्पर एपीआयमार्फत करते. एपीआय म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याकडे काम मागण्याची ठरलेली खिडकी.

ओळख पटल्याखेरीज ही खिडकी उघडत नाही. क्लायंट आयडी व गुप्त संकेत सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा असतो. युजरनेम व पासवर्ड व्यापाऱ्याचा. दोन्ही जुळले की पोर्टल एक टोकन देते. ते सहा तास चालते. गोदामाच्या फाटकावर ओळख दाखवून मिळणाऱ्या गेटपाससारखेच हे आहे. मुदत संपली की पुन्हा ओळख द्यावी लागते.

मात्र पासवर्ड ज्याच्याकडे आहे, तो केव्हाही नवा गेटपास काढू शकतो. आपले अनेक व्यापारी बांधव पोर्टलचा मुख्य पासवर्डच मुनीमजींना किंवा सॉफ्टवेअरवाल्याला सांगून मोकळे होतात. उद्या आपल्या नावाने खोटे बिल निघाले, तर ते जीएसटीआर-१ मध्ये चढते आणि कराचा तगादा आपल्यामागे लागतो. पोर्टलवर आयआरएन रद्द करण्यास केवळ २४ तास मिळतात.

यावर उपाय सोपे आहेत. एपीआयसाठी पोर्टलवर वेगळा युजरनेम व पासवर्ड तयार करावा. मुख्य पासवर्ड स्वतःजवळ ठेवावा. ई-वे बिलाच्या पोर्टलवर कारकुनासाठी सब-युजर काढता येतो. नोकर सोडून गेला की तो त्याच दिवशी गोठवावा. सॉफ्टवेअर बदलले तर जुना पासवर्डही बदलावा. नोंदणीकृत मोबाइल क्रमांक मालकाचाच असावा. आणि दुकान बंद करण्यापूर्वी त्या दिवशी निघालेल्या आयआरएनची यादी वहीशी ताडून पाहावी.

गल्ल्याची किल्ली आपण कोणाच्याही हाती देत नाही. पासवर्ड हीदेखील अमानत आहे. माणसावर भरोसा जरूर ठेवावा, पण हिशोब स्वतः पाहावा.