विणकाम खाते आणि डिजिटल काम

मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली आजोबांची पिढी राबली, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ती कोणत्या खात्यात राबली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अस्पृश्य कामगारांस प्रवेश होता तो मुख्यतः कमी मजुरीच्या रिंग खात्यात. अधिक पगाराचे विणकाम खाते त्यांना बंद होते. धोट्यातील कांडी बदलताना नव्या धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण विणकरास चालत नसे. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. गिरणीत शिरणे निराळे आणि तिच्यातील चांगल्या खात्यात शिरणे निराळे, हे त्यांनी ओळखले होते.

पदवी घेऊन घरी बसलेल्या आपल्या मुलामुलींना आज ‘घरबसल्या मोबाईलवर कमवा’ असे सांगितले जाते, तेव्हा आम्हांस हाच इतिहास आठवतो. डिजिटल कामातही खाती आहेत. एका ठिकाणचा मजकूर दुसरीकडे उतरवणे, छायाचित्रांत काय दिसते ते नोंदवणे, हे त्यातले रिंग खाते. मोबदला नगावर, आणि उद्या तेच काम यंत्र करील ही टांगती तलवार. दुकानदारांचे हिशेब व जीएसटीची विवरणपत्रे, पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन, चित्रफितींची उपशीर्षके, लहान व्यावसायिकांची संकेतस्थळे, हे विणकाम खाते. येथे जात विचारून दार लावणारा कोणी उभा नसतो. अडसर असतो तो कौशल्याचा. २००१ पासून घराघरांत पोहोचलेल्या एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्राने संगणकाची भीती घालवली, हे तिचे श्रेय. पण भिंतीवरील प्रमाणपत्र पाहून कोणी काम देत नाही.

आपल्या मुलांजवळ एक भांडवल आहे, ज्याची त्यांना जाणीव नसते. ते म्हणजे मराठी. अनेक छापखान्यांत व कचेऱ्यांत मराठी अजूनही जुन्या फॉन्टमध्ये टंकली जाते. असा मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसताना उघडला, की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला साऱ्या जगात एकच संकेतांक असतो, म्हणून तो मजकूर कोठेही वाचता येतो, शोधता येतो. जो मुलगा इन्स्क्रिप्ट कळफलकावर वेगाने आणि ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून युनिकोड मराठी टंकतो, त्याला लहान प्रकाशक, वकील, संस्था शोधत येतात. (ऱ्हस्व-दीर्घावरून आमच्या छड्या खाल्लेल्यांनी येथे हसू नये.)

हे केवळ आमचे शिक्षकी प्रेम नव्हे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ग्रामीण भारतातील, संगणक व इंग्रजीशी फारसा परिचय नसलेल्या लोकांना साध्या स्मार्टफोनवर हस्तलिखित मराठी-हिंदी शब्द टंकण्याचे काम मोबदला देऊन देण्यात आले. त्यांची अचूकता ९६.७ टक्के भरली आणि काम व्यावसायिक संस्थेच्या तोडीचे ठरले. लोक इतके झपाटून कामाला लागले, की अतिवापर टाळण्यासाठी मर्यादा घालावी, अशी शिफारस संशोधकांस करावी लागली. मजूरमंत्री बाबासाहेबांनी कामाच्या तासांसाठी जो आग्रह धरला, त्याचे महत्त्व येथे नव्याने कळते. कारण मोबाईलवरील कामाला भोंगा नसतो.

गावातच राहावयाचे असेल तर आपले सरकार सेवा केंद्राचे काम आहे. दाखले, सातबारा, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज यांसाठी आपलेच पालक तेथे रांगेत उभे असतात. शासकीय सेवांचे दर ठरलेले आहेत. ते फलकावर लावून, पावती देऊन काम करणारा तरुण पोटही भरील आणि अर्जातील चुकीमुळे बुडणारी शिष्यवृत्तीही वाचवील.

आता सापळ्यांविषयी, कारण आपल्या मुलांचे नुकसान येथेच अधिक होते. ‘डेटा एन्ट्री’च्या जाहिरातीनंतर नोंदणी शुल्क मागितले जाते, करारनाम्यावर सही घेतली जाते आणि थोड्या दिवसांत शेकडो पाने टंकण्यास दिली जातात. काम पूर्ण होताच ‘अचूकता कमी भरली’ म्हणून दंडाची मागणी होते, वकिलाच्या नावाने नोटिशी येतात. मुले घाबरतात, घरी सांगत नाहीत, उसने काढून पैसे भरतात. काम देणारा मजुरी देतो; काम देण्यासाठी जो पैसे मागतो त्याला तेथेच नकार द्यावा. दुसरा सापळा याहून घातक आहे: ‘तुमचे बँक खाते वापरू द्या, टक्केवारी घ्या.’ त्या खात्यातून दुसऱ्या कोणाचे लुबाडलेले पैसे फिरतात, आणि पोलीस प्रथम खातेदाराच्या दारी येतात. सम्यक आजीविकेचा पाठ आपण या शाळेत घेतला, त्याची कसोटी अशा ठिकाणी लागते. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितकी पैसे थांबवण्याची शक्यता कमी. संदेश, पावत्या, करारनामा काहीही पुसू नये.

अनुसूचित जातींच्या तरुणांसाठी बार्टी, पुणे ही संस्था विनामूल्य कौशल्य प्रशिक्षण देते. खासगी वर्गाची फी भरण्यापूर्वी तेथे चौकशी करावी. पण प्रशिक्षणानंतरचे पहिले खरे काम मिळवून देणे हे आपणा माजी विद्यार्थ्यांच्या हाती आहे. आपल्यापैकी कोणी लेखापाल आहेत, कोणी वकील, कोणाचा छापखाना आहे. प्रत्येकाने वर्षातून एका मुलास किंवा मुलीस तीन महिने हाताखाली घ्यावे, तिचे काम तिच्यासमोर बसून तपासावे, आणि थोडी का असेना, मजुरी पहिल्या महिन्यापासून द्यावी.