गोठा ते डेअरी – भाग ६ : कॅनला कोणतं औषध?

संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरी या पट्ट्यात पहाटे गोठ्यातले दिवे लागतात आणि ऊन चढायच्या आत कॅन रस्त्याला लागलेले असतात. दूध संगमनेरच्या ‘राजहंस’ला जावो, कोपरगावच्या गोदावरी खोरे संघाला जावो की गावातल्या खासगी संकलन केंद्रावर, आधी बघितलं जातं ते फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), कारण भाव त्यावर ठरतो. जंतूंचा हिशेब मागाहून कळतो. प्रयोगशाळेत दहा मिली दुधात एक मिली मिथिलीन ब्लूचं द्रावण घालून नळी ३७ अंशांवर ठेवतात. जंतू दुधातला प्राणवायू संपवतात, तसा निळा रंग उडत जातो. पाच तास रंग टिकला तर कच्चं दूध उत्तम, आणि अर्ध्या तासात नळी पांढरी पडली तर ते दूध कुठेतरी बिघडलं, हे नक्की.

कुठे बिघडलं? शेतकऱ्याचा पहिला संशय गाईवर जातो. पण मागच्या भागात पाहिलं तसं, निरोगी कासेतून येणाऱ्या दुधात जंतू फारच थोडे असतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तयार केलेली ‘फुले त्रिवेणी’ असो की साधी संकरित होल्स्टीन, गाय आपलं काम चोख करते. गडबड होते ती दूध ज्याला ज्याला शिवतं तिथे.

कॅनच्या झाकणाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवून पाहावं. चकचकीत दिसणाऱ्या कडेला बोटाखाली बारीक वाळूसारखी खरखर लागते. तो दूधखडा. दुधातलं कॅल्शियम, प्रथिनं आणि पाण्यातले क्षार यांचा थरावर थर बसून तो तयार होतो. प्रवरेच्या कालव्याखालच्या भागात बऱ्याच विहिरींचं पाणी क्षारयुक्त, म्हणून तो तिथे लवकर बसतो. मिल्किंग मशीनचा रबरी लायनर ताणून उजेडात धरला तर आतल्या बाजूला केसाएवढ्या चिरा दिसतात. जंतूंना राहायला तेवढी जागा पुरते. ओलावा आणि दुधाचा अंश असेल, तर उन्हाळ्याच्या उकाड्यात काही जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. सकाळी सहाला कसाबसा विसळलेला कॅन दुपारी चारला पुन्हा वापरला, तर मधल्या दहा तासांत वीस वेळा दुप्पट. कागदावरचा हिशेब सांगतो, एकाचे दहा लाख.

हे जंतू मारायचं औषध घ्यायला गेलं, की दुकानदाराला बहुतेकदा एकच प्रश्न विचारला जातो, ‘सगळ्यात कडक औषध कोणतं?’ प्रश्नच चुकीचा आहे. योग्य प्रमाणात, स्वच्छ भांड्यावर, पुरेसा वेळ राहिलं तर बाजारातलं जवळपास प्रत्येक मान्य औषध जंतू मारतं. निवड करायची ती दोन गोष्टी बघून. ते औषध तुमच्या भांड्याचं काय करतं आणि मागे काय ठेवून जातं?

त्याआधी धुणं. घाणीवर औषध ओतणं म्हणजे पैसे गटारात ओतणं, कारण क्लोरीन जंतूंपर्यंत पोचण्याआधीच दुधाच्या अंशावर खर्च होऊन जातं. दूध ओतलं की लगेच कोमट पाण्याने विसळावं. उकळतं घेतलं तर प्रथिनं भांड्याला चिकटून शिजतात, गार घेतलं तर तूपकट थर तसाच राहतो. मग गरम पाण्यात डेअरीचा अल्कलीयुक्त क्लीनर आणि ब्रश. दूधखडा अल्कलीला दाद देत नाही. त्याला आठवड्यातून एकदोनदा फॉस्फोरिक आम्लाचा डेअरी क्लीनर लागतो. पाणी जितकं जड, तितक्या लवकर त्याची पाळी येते.

आता औषधं. गावात सगळ्यात सहज मिळते ती टीसीएल, म्हणजे ग्रामपंचायतीच्या टाकीत पडते ती ब्लीचिंग पावडर. ताजी असताना तिच्यात साधारण ३३ टक्के उपयोगी क्लोरीन असतं, पण पोतं उघडं राहिलं की ते उडून जातं आणि उरतो चुना. त्या चुन्यामुळे कॅनवर नवा थर बसायला मदत होते. पाण्याच्या टाकीसाठी टीसीएल ठीक; कॅनसाठी सोडियम हायपोक्लोराइट बरं. चार टक्क्यांचं ताजं हायपो असेल तर दहा लिटर पाण्यात ५० मिली घातलं की २०० पीपीएमचं (दहा लाख भागांत २०० भाग) द्रावण होतं. दोन-तीन मिनिटं पुरतात. रात्रभर भिजत घालणं हा मात्र शुद्ध नुकसानीचा धंदा. क्लोरीन ॲल्युमिनिअमला खड्डे पाडतं आणि वेळ दिला तर स्टीललाही सोडत नाही. त्या खड्ड्यांत पुढचे जंतू आरामात राहतात. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनिअमला चक्क खातो. जुन्या ४० लिटरच्या कॅनमध्ये तो घालूच नये.

दुसरं आयोडोफोर. सड बुडवायच्या तपकिरी द्रावणामुळे ते गोठ्यात ओळखीचं आहे, पण ते द्रावण कितीतरी पट तीव्र असतं. भांड्यांसाठी १२.५ ते २५ पीपीएम पुरतं आणि त्यासाठी भांड्यांचं वेगळं आयोडोफोर घ्यावं. त्याचा एक गुण मोठा सोयीचा. तपकिरी रंग आहे तोवर त्यात दम आहे. रंग फिका पडला की द्रावण संपलं, कुणाला विचारायला नको. पाणी मात्र गार किंवा कोमटच हवं, गरम पाण्यात आयोडीन उडून जातं. रबर आणि प्लॅस्टिक पिवळं पडतं, ते चालवून घ्यावं लागतं.

परदेशात हौसेने घरी बिअर बनवणारे लोक आपल्या पिंपांना हेच आयोडोफोर लावतात. १२.५ पीपीएमला दोन मिनिटं ठेवतात आणि निथळू देतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय घरी दारू बनवणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे, त्यामुळे ही हौस इथे करू नये.) त्यांची चिंता आणि दूधवाल्याची चिंता सख्ख्या बहिणी. नासवणारे जंतू मरायला हवेत, पण कामाचे मरायला नकोत. नाहीतरी दुधाच्या पिशवीवर ज्याच्या नावाने ‘पाश्चराइज्ड’ छापतात, त्या लुई पाश्चरने १८६०च्या दशकात ती पद्धत आधी वाईन टिकवण्यासाठीच वापरली होती.

पेरासिटिक आम्ल मोठ्या डेअऱ्यांचं आवडतं. गार पाण्यात चालतं, जंतूंच्या बीजाणूंनाही पुरून उरतं आणि शेवटी त्याचं व्हिनेगरमधलं आम्ल, पाणी आणि प्राणवायू होतो. पण मूळ द्रावण नाकात झोंबतं, कातडी भाजतं. हातमोजे, चष्मा, मोजमाप सांभाळणारा माणूस नसेल तर चार गाईंच्या गोठ्यात ते आणूच नये.

आणि एक टाळायचंच, क्वॅट, म्हणजे क्वाटर्नरी अमोनियम संयुगं. फरशी पुसायच्या सुगंधी द्रावणांत बहुतेकदा याच कुळातलं रसायन असतं. जंतू मारतं, वास छान येतो, भांड्याला इजाही करत नाही. पण त्याचा पातळ थर पृष्ठभागाला चिकटून राहतो. विरजणातले जंतू अशा अंशाला फार नाजूक असतात. दही लागेना, चीजसाठी लावलेलं कल्चर चालेना, आणि बोट मात्र पुन्हा गाईकडे दाखवलं जातं. करोनाच्या काळात राज्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी बनवलेलं हातांचं सॅनिटायझर काही काम देईल का, तर तेही नाही. ते ज्वालाग्राही आहे आणि कॅनभर वापरायला परवडणारं नाही.

ज्याच्याकडे चूल, बंब किंवा गोबरगॅस आहे, त्याने गरम पाण्याला कमी लेखू नये. भांड्याची भिंत ७७ अंशांच्या वर पाच मिनिटं राहिली, तर स्टीलच्या कॅनचं काम तेवढ्यावर भागतं. मागे काही उरत नाही. अडचण इतकीच, की ओतता ओतता पाणी निवतं. म्हणून शंभर रुपयांचा असला तरी थर्मामीटर हवा.

छोट्या गोठ्यासाठी निवाडा असा. स्टीलचा कॅन असेल तर गरम पाणी किंवा हायपो, ॲल्युमिनिअमचा जुना कॅन असेल तर आयोडोफोर, मशीनला आयोडोफोर आणि ठरल्या दिवशी आम्ल. औषधाचा हात धार काढायच्या थोडं आधी, धुतल्यानंतर लगेच नव्हे. निथळलेला कॅन रॅकवर पालथा, जमिनीवर नाही. औषधाचं पाणी नीट निथळलं नाही आणि दुधात उतरलं, तर डेअरीच्या भेसळ चाचणीत ते सापडू शकतं आणि सगळा कॅन परत येतो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगायला हवी. आम्लाचा क्लीनर आणि हायपो एका बादलीत कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. दोन्हींचे डबे वेगवेगळ्या कपाटांत, मोठ्या अक्षरांत नाव लिहून ठेवा. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तर काहीच काढून ठेवू नका, घरात मुलं असतात. पुढच्या आठवड्यात रबरी लायनर कधी बदलायचा, ते पाहू.