बाळंतपण कोण करतं? काळजी आणि न्याय

मागच्या वेळी आपण न्यायाचा विचार केला तो मुख्यतः जॉन रॉल्सच्या आधाराने. स्वतंत्र आणि समान माणसं एकत्र येतात, सहकार्याच्या अटी ठरवतात, असं ते चित्र होतं. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्या बाईंनी विचारलं, "सर, या माणसांत दोन महिन्यांचं बाळ कुठे बसतं? आणि त्याला मांडीवर घेऊन बसलेली बाई कुठे बसते?" प्रश्न साधा वाटतो, पण तो त्या चित्राच्या मुळाशी जातो. म्हणून आज तेवढाच प्रश्न घेऊ.

एक उदाहरण सांगतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, एका कंपनीत हिशेबाचं काम करते. तिचा मुलगा जन्मला तेव्हा त्याचं उजवं पाऊल आत आणि खाली वळलेलं होतं. याला क्लबफूट म्हणतात. साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला असं होतं. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही, काही अंशी ते आनुवंशिक असतं. पण घरात पहिला प्रश्न काय आला असेल? "ग्रहणात काही चिरलंस का ग?" म्हणजे बाळ दोन दिवसांचं नाही, तोवर आई आरोपीच्या पिंजऱ्यात!

आता चांगली गोष्ट अशी की यावर उत्तम उपचार आहे. इग्नासिओ पोन्सेटी या मूळच्या स्पॅनिश डॉक्टरांनी अमेरिकेत आयोवा विद्यापीठात तो विकसित केला. मोठी शस्त्रक्रिया बहुधा लागत नाही. दर आठवड्याला पाऊल हातानं थोडं थोडं वळवायचं आणि प्लास्टर घालायचं, अशी पाच-सहा प्लास्टरं. मग बहुतेक बाळांत टाचेमागचा घट्ट स्नायुबंध छोटासा छेद देऊन मोकळा करतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. पाऊल सरळ दिसू लागतं. घरात पेढे वाटले जातात.

पण खरी परीक्षा पुढे आहे. एका दांडीला जोडलेले दोन बूट बाळाला घालायचे. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास. त्यानंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. यात हयगय झाली की पाऊल पुन्हा वळायला लागतं. पुन्हा वळण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

म्हणजे काय झालं बघा. डॉक्टरांचं कौशल्य काही आठवड्यांत संपलं. उरलेली चार-पाच वर्षं उपचार कोण करतं? ज्याच्या हातात ते पट्टे आहेत तो. आणि तो हात कुणाचा, हे मी सांगायला नको. तिच्या मुलाच्या पायाला एकदा पट्ट्यानं फोड आला म्हणून चार रात्री बूट घातले नाहीत. पुढच्या तपासणीला तिला ऐकावं लागलं, "आई नीट लक्ष देत नाही." वडील शेजारीच उभे होते. त्यांना कुणी काही म्हणालं नाही.

आता थोडा हिशेब करू, तीही हिशेबाचंच काम करते. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली. ही मोठीच सुधारणा. तिनं बाळंतपणाआधी दोन आठवडे घेतले, उरले २४. दुसऱ्या आठवड्यात प्लास्टरं सुरू झाली, सहा आठवडे ती चालली, मग तीन आठवडे शेवटचं प्लास्टर, मग तीन महिने २३ तास बूट. बेरीज करा, २४ आठवडे जवळजवळ संपले. म्हणजे ज्या दिवशी ती कामावर परतली, त्या सुमारास रात्रीच्या बुटांचा काळ सुरू झाला. रात्री तीनला रडणारं बाळ आणि सकाळी नऊला हजेरी. हा काळ कुठल्याही रजेत बसत नाही. आणि घरकाम करणाऱ्या, शेतात रोजानं जाणाऱ्या बाईला तर ते २६ आठवडेही मिळत नाहीत. प्लास्टरचा प्रत्येक दिवस म्हणजे एक रोज बुडाला.

यावर एक उत्तर आपल्याकडे तयार असतं. "आईच ती, प्रेमानं करणारच." इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं थांबलं पाहिजे. ती प्रेमानं करते, हे वाक्य खरं आहे. पण त्यावरून "म्हणून इतरांचं काही कर्तव्य नाही" हे वाक्य निघत नाही. दोन वाक्यांच्या मध्ये काहीच नाही, नुसती सोय आहे, तीही आपली.

ईव्हा फेडर किटे या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात नेमका हाच मुद्दा मांडला. त्यांची मुलगी जन्मापासून गंभीर अपंगत्व असलेली. त्या म्हणतात, जो पूर्ण परावलंबी जिवाची काळजी घेतो, तो स्वतःही परावलंबी होतो. त्याचा वेळ, त्याची झोप, त्याची मिळकत दुसऱ्याच्या गरजेला बांधलेली असते. म्हणून काळजी घेणाऱ्याची काळजी कोण घेणार, हा दयेचा नाही, न्यायाचा प्रश्न आहे. बाळंतिणीची सेवा करणाऱ्या बाईला 'डूला' म्हणतात, त्यावरून त्यांनी या तत्त्वाला नाव दिलं.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण ही कल्पना आपल्या भाषेत आधीपासूनच आहे. "माझं बाळंतपण आईनं केलं", असं आपण म्हणतो ना? बाळंत झाली मुलगी, पण बाळंतपण 'केलं' तिच्या आईनं! आई बाळाला सांभाळते, आईची आई आईला सांभाळते. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, "तू नीज, मी बघते". किटे यांचं तत्त्व या एका क्रियापदात बसलंय.

मात्र आपल्या या रीतीला दोन मर्यादा आहेत. एक, ती सव्वा महिन्यात संपते. दोन, ती फक्त बायकांवर सोडलेली आहे. ज्या बाळाला आजार आहे त्याच्या आईचं बाळंतपण पाच वर्षं चालतं, आणि ते एकट्या माहेरच्या म्हातारीला पेलणारं नाही.

मग ते कुणी करायचं? घरात वडिलांनी आणि आजोबांनी पट्टे बांधायला शिकावं, त्याला दहा मिनिटं लागतात. तपासणीला वडिलांनीही जावं, आणि प्रश्न त्यांनाही विचारले जावेत. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद कायद्यात आहे, ती कागदावरून खाली उतरावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे, पण मोफत उपचार आणि बुडालेला रोज यांचा हिशेब एकत्र मांडायला हवा.

कुणी म्हणेल, सर, मग प्रेमाचाही हिशेब करायचा का? नाही. प्रेमाचा नाही, श्रमाचा करायचा. श्रमाची वाटणी झाली की प्रेम कमी होत नाही. उलट त्याला जरा बसायला जागा मिळते.

त्या मुलाचे बूट मागच्या वर्षी सुटले. तो आता धावतो. मी तिला म्हटलं, "जिंकलीस." ती म्हणाली, "सर, तो धावला की आनंद होतो. पण मला अजून रात्री तीनला जाग येते."

त्या श्रोत्या बाईंना माझं उत्तर असं आहे. न्यायाच्या बैठकीत बाळाला आणि त्या बाईला आधी जागा करावी, नियम मग ठरवावेत. प्रश्न असतील तर जरूर विचारा. आज वडील मंडळींनी आधी विचारावेत, एवढीच विनंती.