घाटात हॉर्सपॉवर जाते कुठे?

कोल्हापुरात गाडी घ्यायची म्हटली की घरातली मोठी माणसं आधी ॲव्हरेज विचारतात आणि पोरं पिकअप. पोरगा कॉलेजातला असेल, डोक्यात छोट्या स्पोर्ट्स कारचं वेड असेल, तर ब्रोशरमधला एकच आकडा त्याला पाठ असतो, तो म्हणजे हॉर्सपॉवर. हा आकडा खोटा नाही. पण गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना किंवा पावसाळ्यात आंबा घाट चढताना गाडी कशी चालेल, याबद्दल तो फार थोडं सांगतो. जास्तीच्या ताकदीच्या नादात तोल विसरलेल्या गाड्या आणि ते न ओळखता त्या चालवणारी मुलं पाहिली की काळजी वाटते, म्हणून हा विषय जरा मुळापासून.

"पॉवर जास्त, म्हणजे घाटातही गाडी फास्ट"

वळणात गाडी किती वेगाने जाऊ शकते, हे ठरवताना इंजिनाला कुणी विचारत नाही. तिथे हिशेब लागतो तो वळणाच्या त्रिज्येचा आणि टायरच्या पकडीचा. घाटातलं एखादं आवळ वळण 15 मीटर त्रिज्येचं धरा. कोरड्या, चांगल्या डांबरावर साध्या टायरची पकड गाडीच्या वजनाच्या साधारण 80 टक्के धरली, तर त्या वळणातला कमाल वेग ताशी 39 किलोमीटरच्या आसपास येतो. पाऊस पडून पकड 50 टक्क्यांवर आली की तोच वेग 31 वर उतरतो. हे गणित 60 हॉर्सपॉवरच्या गाडीला लागू आहे आणि 300 च्या गाडीलाही. इंजिनाचा आकडा या सूत्रात येतच नाही.

पॉवर कामाला येते ती वळण संपल्यावर, पुढचं वळण येईपर्यंतच्या सरळ तुकड्यात. करूळ घाटात असा तुकडा किती लांब असतो? गाडी जोर पकडते न पकडते तोच पुन्हा ब्रेक. अशा रस्त्यावर जी गाडी वळणातून थोडा जास्त वेग राखून, चाक न घसरता बाहेर पडते, तिला तो वेग पुढच्या सगळ्या सरळ पट्ट्यात फुकट मिळतो. दुसरीला तो इंजिनाकडून विकत घ्यावा लागतो.

आता तोल म्हणजे काय, ते आकड्यांतच पाहू. हजार किलोची, पुढच्या चाकांवर चालणारी एक छोटी गाडी घेऊ. बहुतेक हॅचबॅकसारखं तिचंही वजन पुढे 600 किलो आणि मागे 400. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 2.4 मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की सुमारे 165 किलोचा भार मागून पुढे सरकतो. म्हणजे पुढच्या चाकांवर 765 आणि मागच्या चाकांवर जेमतेम 235. नेमक्या याच क्षणी स्टिअरिंग वळवलं, तर गाडीची शेपूट हलकी होऊन बाहेर का जाते, हे वेगळं सांगायला नको. उलट वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दाबला की भार मागे जातो. चढावर तो आणखी जातो, आणि ज्या पुढच्या चाकांनी गाडी ओढायची तीच हलकी होतात. इंजिन जितकं ताकदवान, तितकं आतलं चाक जागेवर फिरायची शक्यता जास्त. कागदावरचे 150 हॉर्सपॉवर तिथे रबर जाळण्यात जातात.

टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते. वळायला, थांबायला आणि पळायला लागणारा सगळा खर्च त्या एकाच रकमेतून भागवायचा. वळणात सगळी पकड वळण्यातच संपली असेल, तर ब्रेकला किंवा पिकअपला देण्यासारखं काही उरत नाही. चारही टायर हा भार शहाणपणाने वाटून घेतील अशी गाडीची रचना असणं, म्हणजे तोल. पुढची पकड आधी सुटली तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ बाहेर जाते. मागची आधी सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरू पाहते. चांगल्या तोलाची गाडी या दोन्हींची सूचना आधी देते. स्टिअरिंग हलकं लागतं, टायर कुरकुरतात, बूड सीटवर किंचित सरकतं. चालवणाऱ्याला सावरायला तेवढा अवधी मिळतो, आणि माझ्या मते छोट्या स्पोर्ट्स कारची खरी किंमत या अवधीत आहे.

कोल्हापूरच्या ट्रॅकवर हेच दिसतं

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर कार्टिंग बघायला जावं. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झालेल्या आहेत. थेट ब्रिटिश फॉर्म्युला 3 पर्यंत पोहोचलेला कृष्णराज महाडिक आपल्याच कोल्हापूरचा. तो धावला तेव्हा त्या मालिकेत सगळ्यांच्या गाड्या आणि इंजिनं सारखीच होती, सुमारे 230 हॉर्सपॉवरची. तरीही शर्यतीत पहिला आणि शेवटचा असायचाच. फरक पडायचा तो चालवणाऱ्याने आणि गाडीच्या सेटिंगने.

रेसिंग कार्टला सस्पेन्शन नसतं आणि डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच सलग ॲक्सलवर घट्ट बसवलेली. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी, पण ॲक्सल एकच असल्यामुळे दोघं सारखीच फिरतात. उपाय एकच, आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. स्टिअरिंग वळवलं की पुढचं आतलं चाक खाली दाबलं जाईल, चौकट थोडी पिळेल आणि मागचं आतलं चाक केसभर वर येईल, अशी कार्टची भूमितीच असते. ते उचललं गेलं नाही तर कार्ट नाकाच्या दिशेने सरळ जाऊ लागतं आणि इंजिनाचा आवाज दबतो. फार वेळ उचललेलं राहिलं तर सगळा भार बाहेरच्या एका चाकावर येतो आणि शेपूट सरकते.

मग पिटमध्ये काय चालतं? इंजिनाला सहसा कुणी हात लावत नाही. सीट एखाद-दोन सेंटिमीटर पुढे-मागे होते, कारण एकूण वजनातला जवळजवळ निम्मा वाटा चालवणाऱ्याचा असतो आणि तो कुठे बसतो यावरच तोल ठरतो. पुढच्या चाकांमधलं अंतर कमी-जास्त होतं. गरम टायरला गेज लावून हवा थोडी काढली जाते. 125 सीसीचं, 30 हॉर्सपॉवरच्या घरातलं तेच इंजिन आणि तोच ड्रायव्हर, पण एवढ्या बदलाने लॅपची वेळ सुधारते. दहा-बारा वर्षांची पोरं हे शिकतात ते याहूनही कमी ताकदीच्या कार्टवर.

भारतातल्या रेसिंगचा पायाही असाच घातला गेला. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी 1980 च्या दशकात मारुतीचं 800 सीसीचं इंजिन वापरून एका सीटची फॉर्म्युला मारुती उभी केली. घरोघरच्या मारुतीचंच ते इंजिन. पण गाडी हलकी, बुटकी आणि इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे. 2005 मध्ये फॉर्म्युला 1 मध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याची सुरुवात या फॉर्म्युला मारुतीवर झाली.

"गाडी जड असली की रस्ता धरून राहते"

हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे, आणि त्याला थोडा आधारही आहे. हायवेवर जड गाडी खड्ड्यांनी कमी हेलकावते, आडव्या वाऱ्याने कमी हलते. पण वळणात आणि ब्रेकिंगमध्ये तेच वजन टायरच्या अंगावर येतं. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून कमीच वाढते. हा रबराचा गुणधर्म आहे. म्हणून तेच टायर हलक्या गाडीला लावले तर ते प्रत्येक किलोमागे जास्त पकड देतात.

वजन किती याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याला बिडाच्या इंजिन ब्लॉकचं वजन हाताला माहीत असतं. ॲल्युमिनियमची घनता बिडाच्या निम्म्याहूनही कमी. तो ब्लॉक बिडाचा आहे की ॲल्युमिनियमचा, आणि तो पुढच्या ॲक्सलच्या पुढे टांगलाय की मागे सरकवलाय, यावर नाकाचा जडपणा ठरतो. 1989 च्या माझदा एमएक्स-5 मध्ये तोशिहिको हिराई यांच्या चमूने इंजिन पुढच्या ॲक्सलच्या मागे ढकललं, बॉनेट ॲल्युमिनियमचं केलं आणि बॅटरीसुद्धा डिकीत नेली. ताकद होती जेमतेम 115 हॉर्सपॉवर. 2016 पर्यंत या मॉडेलच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या होत्या. भारतात ती अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, याची हळहळ वाटते.

"वजन पुढे-मागे 50-50 असलंच पाहिजे"

थोडं वाचलेल्यांचा हा गैरसमज. एमएक्स-5 त्या आकड्याच्या जवळ आहे, पण पोर्शे 911 चं सुमारे 60 टक्के वजन मागे असतं आणि 1996 च्या लोटस एलिसचंही तसंच. ही एलिस साधारण 725 किलोची आणि 118 हॉर्सपॉवरची. या दोन्ही गाड्यांच्या हाताळणीचं आजही कौतुक होतं. वजनाच्या वाटणीला साजेसे टायर, स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार निवडले की तोल जमतो. टोयोटा 86 मध्ये आडवं, चपटं बॉक्सर इंजिन घालून गुरुत्वमध्य खाली आणला आणि टायर मुद्दाम प्रियससारख्या हायब्रिड गाडीच्या दर्जाचे दिले, म्हणजे बेताच्या वेगातही गाडीचा तोल हाताला कळावा.

छोट्या गाडीने मोठीला हरवल्याची एक कहाणीही नेहमी अर्धी सांगितली जाते. 1964 च्या मॉन्टे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्कच्या 1071 सीसी मिनी कूपर एसने 4.7 लिटरच्या व्ही-8 फोर्ड फाल्कनला मागे टाकलं, हे खरं. पण त्या रॅलीच्या गुणपद्धतीत मोठ्या इंजिनांवर हँडिकॅप होता आणि मिनीला त्याचा फायदा झाला. तरीही चार कोपऱ्यांत चार चाकं असलेली ती गाडी बर्फाळ घाटांत अशा राक्षसाच्या इतक्या जवळ राहिली, हीच मला मोठी गोष्ट वाटते.

"स्प्रिंग कापल्या, रुंद टायर टाकले, झाली रेसिंग कार"

हा गैरसमज धोकादायक आहे. स्प्रिंग कापली की गाडी बुटकी होते, पण सस्पेन्शनला हलायला जागा उरत नाही. वळणात खड्डा आला की ते बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आपटतं आणि त्या टोकाची पकड एकदम सुटते, कुठलीही सूचना न देता. वर सांगितलेला सावरायचा अवधीच हातून जातो. फार रुंद टायर पाणी नीट कापू शकत नाहीत आणि भर पावसात गाडी पाण्याच्या थरावर तरंगू लागते. कोल्हापूरचा पाऊस आणि घाटातलं धुकं ज्यांना माहीत आहे, त्यांनी तरी हे करू नये. खर्चच करायचा असेल तर चांगल्या प्रतीचे, कंपनीने सांगितलेल्या मापाचे टायर आणि नवे शॉकॲब्सॉर्बर घ्यावेत.

"मग पॉवरला काही अर्थच नाही"

आहे. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर किलोमीटरभराचा सरळ पट्टा आहे, तिथे कमी ताकदीची गाडी मागे पडणारच. पण तिथेही हिशेब कडक आहे. वेग वाढतो तशी हवेला कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे पॉवर दुप्पट केली तरी कमाल वेग जेमतेम 26 टक्क्यांनी वाढतो. पुणे-बेंगळुरू हायवेवर ओव्हरटेक करतानाही थोडी जास्तीची ताकद हाताशी असलेली बरी.

गाडी घ्यायला जाल तेव्हा टेस्ट ड्राइव्ह ताराराणी चौकातल्या गर्दीत उरकू नका. जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या रस्त्यावर, वाहतूक नसताना आणि कायदेशीर वेगात न्या. वळणात शिरताना हलका ब्रेक सोडून स्टिअरिंग वळवा. नाक लगेच वळतं की आधी गाडी एका अंगावर झोपते आणि मग वळते, ते बघा. वळणात खड्डा लागल्यावर स्टिअरिंग हातात उडतं का, बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी ओळ सोडते का, हेही बघा. निघण्यापूर्वी चारही टायरची हवा दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याला आणून घ्या. शोरूमच्या गाडीत ती बहुधा कमी-जास्त असते, आणि चार-पाच पीएसआयच्या फरकाने चांगली गाडी सुस्त वाटते.