बारीक केस आणि तेलाची वाटी

केसांची कोणतीही तक्रार आपल्याकडे अखेर तेलाच्या वाटीपाशी येऊन थांबते. केस चप्प बसतात, तेल लावा. भुरभुरतात, तेल लावा. गळतात, तर कोमट करून जिरवा. जाड, कोरड्या, कुरळ्या केसांना हा उपाय मानवतोही. पण ज्यांचे केस बारीक, जवळजवळ सरळ आणि टोकांकडे किंचित लाटदार असतात, त्यांची अडचण बहुधा कोरडेपणाची नसते, भाराची असते. अशा केसांवर जितकं कमी राहील तितके ते चांगले दिसतात. हे म्हणणं आळशी माणसाच्या सोयीचं वाटेल, पण त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे.

डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाएवढी असते. कोणताही गोल धागा वाकायला किती विरोध करील, हे त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं. म्हणून निम्म्या जाडीच्या केसाचा ताठपणा निम्मा नसतो, सोळाव्या हिश्शावर आलेला असतो. असा केस झुकवायला तेलाचा पातळ थरही पुरतो. शेजारचे केस एकमेकांना चिकटतात, त्यांच्या बटा होतात आणि मधून टाळू दिसू लागते. टाळूतल्या तैलग्रंथींना केस जाड आहे की बारीक, याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्या आपलं काम करत राहतात, आणि तेवढंच तेल पसरायला बारीक केसांवर जागा मात्र कमी असते. त्यात केस सरळ असला की ते मुळापासून खाली विनासायास उतरतं. काल न्हालेलं डोकं आज संध्याकाळी तेलकट दिसतं ते यामुळे. त्यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही. किंचित लाटेचं गणितही भाराशीच जोडलेलं आहे. केसातल्या प्रथिनांच्या साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. वाळताना केस ज्या आकारात असेल, तो आकार पुढच्या न्हाण्यापर्यंत बराचसा टिकतो. त्या वेळी केसांवर तेल किंवा घट्ट क्रीम असेल, तर नाजूक लाट ओढली जाऊन सरळ होते.

मग पिढ्यान्‌पिढ्या डोक्याला लावलेलं खोबरेल फुकट गेलं का? तसं नाही. मॅरिको या खोबरेल विकणाऱ्या मुंबईच्या कंपनीतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना केली होती. केसांतून होणारी प्रथिनांची झीज लक्षणीय कमी करणारं तेल एकटं खोबरेलच ठरलं. त्यातल्या लॉरिक आम्लाचे रेणू लहान आणि सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात, हे त्यांनी दिलेलं कारण. मात्र हा फायदा न्हाण्याआधी तेल लावलं तरी मिळतो, आणि आपल्या मुद्द्यासाठी तेवढं पुरेसं आहे. बारीक केस असलेल्यांनी न्हाण्याच्या थोडं आधी चमचाभर खोबरेल केसांच्या मध्यापासून टोकांपर्यंत लावावं आणि धुऊन टाकावं: झीज कमी, भार नाही. टाळूवर ते चोपडायचं कारण नाही. टाळूबाहेर आलेला केस मृत असतो, त्याला 'पोषण' पोहोचत नाही. आणि कोंडा असेल तर टाळूवरच्या तेलावर जगणाऱ्या मॅलासेझिया बुरशीला आपण आयतं जेवणच वाढतो.

दुसरा आक्षेप अधिक ठाम असतो: वारंवार धुतलं तर केस खराब होतात आणि टाळू उलट जास्त तेल सोडते. यातला दुसरा भाग सोडूनच द्यावा, कारण तैलग्रंथींचा वेग मुख्यतः संप्रेरकं ठरवतात, शाम्पू नव्हे. पहिल्या भागात तथ्य आहे, पण ते कशाने धुता यावर. अंगाचा साबण अल्कधर्मी असतो. त्याने केस फुगतात आणि वरचे खवले उचलले जातात. बोअरच्या जड पाण्यात तर त्याचा चिकट साका केसांवर बसतो. सौम्य शाम्पूचं तसं नाही. आशियाई लोकांवरच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठवड्यातून पाच-सहा वेळा केस धुणारे आपल्या केसांबद्दल सर्वांत समाधानी आढळले. तो अभ्यास शाम्पू बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधकांचा होता, जसा आधीचा तेलवाल्यांचा होता. ग्राहकाने दोन्हींकडे भुवई उंचावून पाहावं. तरी तेल आणि भाराचं जे कारण वर दिलं ते कोणत्याही कंपनीवर अवलंबून नाही, आणि एक दिवसाआड धुऊन महिनाभरात ज्याला त्याला पडताळता येतं. शिकेकाईची आवड असेल तर ती उकळून, गाळून घ्यावी. पूड थेट चोळली तर तिचे कण बारीक केसांत अडकतात आणि ते काढताना घर्षण होतं.

आता नवा गोंधळ कुरळ्या केसांच्या सल्ल्यांनी घातला आहे. अमेरिकन केशभूषाकार आंद्रे वॉकर यांच्या वर्गीकरणात सरळ केस पहिल्या गटात, लाटदार दुसऱ्यात, कुरळे तिसऱ्यात येतात. दुसऱ्या गटाची पहिली पायरी म्हणजे आपले हे किंचित लाटदार केस. 'लाट आहे ना, मग कुरळ्यांचंच सगळं करा' असं समजून लोक त्यांवर शिया बटर आणि जाड क्रीम थापतात, आणि असलेली लाटही घालवतात. कंडिशनर हवा, कारण बारीक केसांचा गुंता लवकर होतो. पण हलका, थोडासा, टोकांपुरता, आणि नीट धुतलेला. ओला केस जास्त ताणला जातो आणि सहज तुटतो, म्हणून ओल्या केसांचा घट्ट अंबाडा नको आणि जाड टॉवेलने खसाखसा पुसणंही नको. सुती पंचा इथे उत्तम काम करतो: केस मुठीत धरून खालून वर दाबायचे, रुंद दातांच्या कंगव्याने टोकांपासून गुंता सोडवायचा आणि मग पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र एवढं करूनही दुपारपर्यंत लाट विस्कटेल. हवेतला दमटपणा तेच बंध पुन्हा सोडवत असतो, आणि त्यावर तेलाचा हात फिरवला तर केस फक्त चप्प बसतील.